तान्ह्याच्या दुखण्यापुढचं प्रश्नचिन्ह

नवजात बाळांच्या वॉर्डात बाळाच्या काचेच्या पेटीला एक कागद अडकवलेला असतो. आईचं नाव, वजन, जन्माची वेळ आणि त्याखाली दुखण्याचं नाव. पुष्कळदा तिथं एकच शब्द असतो, ‘सेप्सिस’, आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह. रक्तात जंतुसंसर्ग झाला असावा, असा संशय आहे, एवढाच त्याचा अर्थ. तपासणी व्हायची असते, पण औषध सुरू झालेलं असतं. आज मला बोलायचं आहे ते त्या शब्दापेक्षा त्या प्रश्नचिन्हाबद्दल. त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो पावणेदोनशे वर्षांचा आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण कवीचा धंदा शब्दांचा असतो आणि हे सगळं प्रकरण मला आधी शब्दांतूनच दिसलं. आपल्याकडं ‘जंतू’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. शाळेच्या पुस्तकानं त्याचे दोन भाग केले, जीवाणू आणि विषाणू. एकात जीव, दुसऱ्यात विष. इंग्रजी ‘व्हायरस’चा मूळ लॅटिन अर्थही विष असाच आहे, तेव्हा ज्यानं हा मराठी शब्द घडवला त्यानं नेमकं काम केलं. जीवाणूवर अँटिबायोटिक चालतं, विषाणूवर चालत नाही, हेही आता बहुतेकांना माहीत आहे. प्रश्न असा आहे, की तीन दिवसांचं बाळ आजारी पडतं तेव्हा त्यातलं कोण आलंय हे ओळखायचं कसं?

मोठा माणूस सांगतो, घसा दुखतोय, लघवीला जळजळ होतेय. तान्हं बाळ काय सांगणार? त्याला ताप येईलच असं नाही. उलट ते गार पडतं. ते अंगावर ओढायचं कमी करतं, रडण्यातला जोर जातो, हातपाय ढिले पडतात, पोट फुगतं, श्वास धापेला लागतो किंवा मध्येच थांबतो. रक्तात जीवाणू पसरले तरी हेच, विषाणू पसरले तरी हेच. दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, हृदयात जन्मजात दोष असेल, साखर उतरली असेल, तरीही पुष्कळसं हेच. दुखणी वेगवेगळी, पण बाळाजवळ ती सांगायची भाषा एकच. आपल्या आयाबाया यालाच ‘बाळानं मान टाकली’ म्हणत आल्या.

माझ्या आधी अम्मीची दोन मुलं गेली. एक पाचव्या दिवशी, दुसरं अकराव्या. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कबरस्तानात, कडुलिंबाच्या बाजूला, तान्ह्या मुलांची एक ओळ आहे. त्यांवर दगड नसतो, नाव नसतं, पाऊस पडला की जमीन सपाट होते. अम्मीला विचारलं, काय झालं होतं, तर ती म्हणायची, ‘दूध पिना छोड दिया, बस.’ कुठल्याही कागदावर याहून जास्त काही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं, त्या काळातल्या कुठल्याही कागदावर याहून जास्त खरं लिहिता आलंही नसतं.

पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची चाल महाराष्ट्रात घरोघर होती. आमच्याकडं सहाव्या दिवशी छटी आणि सातव्या दिवशी अकीका. बारसं बाराव्याला. नाव ठेवायची एवढी वाट का पाहायची? समाजशास्त्रज्ञ काय सांगतील ते सांगोत, मला त्यामागं भीती दिसते. जगात पहिल्या महिन्यात जी बाळं जातात त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. हा आकडा आजचा आहे. आपल्या आजीला तो आकडा माहीत नव्हता, पण वार माहीत होता.

आता व्हिएन्नाला जाऊ. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगानं मरणाऱ्या बायका दुसऱ्याच्या मानानं दुपटीतिपटीनं जास्त. शहरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका पायऱ्यांवर गुडघे टेकून विनवण्या करायच्या, आम्हाला पहिल्या विभागात घालू नका. काहीजणी वाटेत, रस्त्याच्या कडेला बाळंत होत आणि मग इस्पितळात येत. त्या मात्र सहसा वाचत. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर १८४६मध्ये तिथं रुजू झाला आणि या कोड्यानं त्याची झोप उडाली.

१८४७च्या मार्चमध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का, वारला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शवात जे बदल दिसले ते बाळंतरोगानं मेलेल्या बायकांच्या शवांत दिसत तसेच होते. सेमेलवाइसला उलगडा झाला. सकाळी विद्यार्थी शवागारात काम करत आणि तसेच उठून बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवागारात जात नसत. मेच्या मध्यापासून त्यानं प्रत्येकाला क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरात अठराहून जास्त बायका मेल्या होत्या. जूनमध्ये प्रमाण शेकडा २.२वर आलं, जुलैमध्ये १.२वर.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. हात धुण्याची गोष्ट म्हणून मुलांच्या पुस्तकांतही असते. पण त्यातली एक बाजू सहसा वगळली जाते. सेमेलवाइसनं आयांबरोबर बाळंही मोजली होती. आई ज्यानं गेली त्याच रोगानं तिचं तान्हं मूलही जातं, मुलगा असो की मुलगी, आणि दोघांच्या शवांत एकसारख्या खुणा मिळतात, असं त्यानं नोंदवलं. तोवर बाळंतरोगाची कारणं दूध अडणं, लाज वाटणं, हवा बिघडणं अशी सांगितली जात. तीन दिवसांच्या मुलाला कसली लाज? त्याच्याकडं कुठलं अडलेलं दूध? त्या बाळांच्या साक्षीनं ती सगळी कारणं निकालात निघायला हवी होती. पण ऐकणारे तयार नव्हते. हात आपलेच मळलेले आहेत, हे कुणा मोठ्या डॉक्टरला ऐकून घ्यायचं असतं? सेमेलवाइसचं पुस्तक १८६१मध्ये आलं, त्याची हेटाळणी झाली, आणि १८६५मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

आणखी चौदा वर्षांनी, १८७९मध्ये, पॅरिसच्या वैद्यक अकादमीत एक विद्वान बाळंतरोगाच्या कारणांवर बोलत होते. लुई पाश्चर मध्येच उठला आणि फळ्यावर खडूनं गोल मण्यांची माळ काढून म्हणाला, कारण हे आहे. आज आपण त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्हणतो. सेमेलवाइसला जे नुसतं कळलं होतं ते पाश्चरनं दाखवलं. इथून पुढची साठ-सत्तर वर्षं जीवाणूंची. एकेक रोगाचा एकेक जीवाणू सापडत गेला, त्यावर सल्फाची औषधं आली, मग १९४०च्या दशकात पेनिसिलिन, मग अँपिसिलिन, जेंटामायसिन. ज्या बाळांचं मरण ठरलेलं होतं ती वाचायला लागली. या यशाला मी कमी लेखत नाही. पण यशाचीही एक सावली पडते. सूक्ष्मदर्शकात दिसतो तो जंतू, आणि दिसत नाही तो नसतोच, अशी एक सवय त्या काळात नजरेला लागली. विषाणू तर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. ते कुठं वाढवून पाहावेत तर त्यांना जिवंत पेशी लागते. वाटीतल्या रश्श्यावर ते वाढत नाहीत.

हे बदललं त्याची गोष्ट न्यूयॉर्क राज्यातली. हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या दोन मुलांना पोलिओसारखा लुळेपणा आला होता. गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी त्यांच्या विष्ठेतून काही वेगळं करण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी नेहमीच्या मोठ्या उंदरांऐवजी नुकती जन्मलेली, आईला लुचणारी पिल्लं वापरली. मोठ्या उंदरांना काहीच झालं नाही. पिल्लं लुळी पडली. १९४८मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्या विषाणूला गावाचं नाव मिळालं, कॉक्सॅकी. गावकऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे! पण मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की त्या विषाणूला ओळखायला तान्हा जीवच लागला. जो मोठ्यांच्या अंगात येऊन निघून जातो, फार तर घसा खवखवतो, तो तान्ह्याच्या अंगात घर करतो.

लवकरच ते माणसांतही दिसलं. १९५२मध्ये जोहान्सबर्गच्या एका प्रसूतिगृहात धडधाकट जन्मलेली बाळं एकामागून एक आजारी पडली. दूध सोडलं, निळी पडली, हृदयाचे स्नायू सुजले, काही दगावली. वरकरणी सगळं सेप्सिससारखं. शोध घेतला तेव्हा सापडला तो कॉक्सॅकी बी. प्रसूतिगृहात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या तरी साध्या सर्दीतापातून तो आत आला असणार.

त्याच सुमारास, १९४९मध्ये, एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या तिघांनी काचेच्या नळीत वाढवलेल्या पेशींवर पोलिओचा विषाणू वाढवून दाखवला. १९५४चं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं. आता उंदराच्या पिलांचीही गरज उरली नाही. आणि मग एक अडचण आली. पोलिओच्या शोधात मुलांची विष्ठा तपासली, की असे असे विषाणू सापडू लागले जे पेशी मारत होते, पण कुठल्या रोगाशी त्यांचा संबंध आहे हे कुणाला सांगता येईना. म्हणून त्यांना इंग्रजीत ‘ऑर्फन’ म्हटलं गेलं, अनाथ. ‘एको’ या त्यांच्या नावातला शेवटचा ‘ओ’ या अनाथपणाचाच. रोग नसलेला विषाणू, आईबाप नसलेल्या पोरासारखा! शास्त्रज्ञही कधी कधी आमच्यासारखं बोलतात. फक्त हे पोर तेवढं निरुपद्रवी नव्हतं. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात फ्रान्समध्ये याच घराण्यातल्या एको-११ या विषाणूनं नऊ नवजात बाळांना गाठलं. सेप्सिसचीच लक्षणं, यकृत निकामी, एकेक अवयव बंद. नवांतली सात गेली. फ्रान्समध्ये, जिथं औषधांची, यंत्रांची वाण नाही. कारण या घराण्यावर आजही सर्वमान्य असं औषध नाही.

तान्ह्यालाच हे का होतं, तेही सांगायला हवं. बाळ पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून त्याच्याकडं जातात. आईनं आयुष्यभर जी दुखणी सोसली त्यांची शिदोरी ती बाळाला बांधून देते. पण एखाद्या विषाणूची लागण आईला बाळंतपणाच्या चार दिवस आधीच झाली, तर तिच्या अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळत नाही. विषाणू पोचतो, शिदोरी पोचत नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाची शिदोरीही अर्धीच. यात आईचा काय दोष? तरीही आपल्या घरांत पहिलं बोट तिच्याकडंच जातं: हिनं काय खाल्लं, ही उघड्यावर का बसली, हिचं दूधच बाधलं. विज्ञानाचं जे थोडंफार मला समजलं त्यातलं हे मला सगळ्यांत आधी मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

सगळ्याच विषाणूंवर हात टेकावे लागले असं नाही. नागिणीच्या जवळचा, ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू तान्ह्याच्या अंगात पसरला तर यकृत आणि मेंदू गाठतो. पूर्वी अशी बहुतेक बाळं जात. त्यावर असायक्लोव्हिर हे औषध १९७०च्या दशकात निघालं. ते ज्या प्रयोगशाळेत निघालं तिथल्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन, १९८८च्या नोबेलच्या मानकरी. त्यांनी पीएच.डी. कधी पुरी केली नाही. नोकरी सोडायला तयार नव्हत्या म्हणून ती सुटली. आमच्यासारख्या बी.ए.वाल्यांना तेवढाच दिलासा. त्यांचे होणारे पती १९४१मध्ये हृदयाच्या झडपांच्या जीवाणू-संसर्गानं गेले होते. पेनिसिलिन हाताशी यायला थोडाच उशीर झाला होता. औषध असतं तर माणूस वाचतो, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पण असायक्लोव्हिर वेळेत दिलं तरच उपयोग, आणि वेळेत द्यायचं तर डॉक्टरच्या मनात आधी संशय यायला हवा. बाळाच्या अंगावर फोड आलेच नाहीत तर? पुष्कळांना येत नाहीत. मग कागदावर ‘सेप्सिस’ आणि प्रश्नचिन्ह, आणि औषधं चालू जीवाणूंची.

आणखी एक विषाणू आहे, आरएसव्ही. १९५६मध्ये तो पहिल्यांदा सापडला सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि पुढच्या वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरच्या आजारी बाळांमध्ये. मोठ्यांना सर्दी, बाळांना न्यूमोनियासारखा दम. अगदी तान्ह्यांत तर कधी खोकलाही नाही, नुसता श्वास थांबतो. त्यावर १९६६मध्ये अमेरिकेत मारलेल्या विषाणूची लस बाळांना टोचून पाहिली. घात झाला. पुढच्या हंगामात लस घेतलेल्या लहान बाळांना लागण झाली ती इतकी तीव्र, की त्यांतली बहुतेक इस्पितळात दाखल करावी लागली आणि दोन मुलं गेली. त्यानंतर कित्येक दशकं या लशीचं नाव काढायला लोक घाबरत. विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनाचा खरा आकार २०१३मध्ये कळला तेव्हा चूक कुठं होती ते समजलं, आणि २०२३मध्ये गरोदर बाईला द्यायची लस अमेरिकेत मंजूर झाली. म्हणजे टोचायचं आईला आणि शिदोरी बाळाला. २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती सगळ्याच देशांसाठी सुचवली.

आता आपल्या घरी येऊ. गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये तिथं गेले. त्यांची ‘सर्च’ ही संस्था, त्यांचं बालमृत्यूंवरचं काम मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. २००१मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचं ‘कोवळी पानगळ’ हे नाव कुणा कवीनं दिलं असावं असंच वाटतं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांनी जे केलं त्याकडं मला पुन्हा एकदा बघायचं आहे.

१९९५-९६मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन, महिनाभर, नोंद ठेवली गेली. शंभरातल्या सतरा बाळांना सेप्सिसचा संशय घ्यावा अशी लक्षणं दिसली. जी बाळं गेली त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त सेप्सिस किंवा न्यूमोनियानं. तोवर पाठ्यपुस्तक काय म्हणत होतं? तान्ह्याला सेप्सिस झाला तर इस्पितळात न्या, रक्त तपासा, शिरेतून औषध द्या. पावसाळ्यात नदीला पूर, रस्ता नाही, बाळंतीण घराबाहेर पडत नाही, आणि पाठ्यपुस्तक म्हणतंय इस्पितळात न्या.

‘सर्च’नं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या बाळाच्या घरी जात, वजन करत, थर्मामीटर लावत, श्वास मोजत. रक्ततपासणीचा प्रश्नच नव्हता. मग सेप्सिस ओळखायचा कशावरून? रडणं क्षीण झालं का, दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं का, हातपाय ढिले पडले का, आईला बाळ हाताला गार लागतं का, पोट फुगलं का, नाळेला पू आहे का. अशा खुणा, आणि त्यांतल्या दोन एकदम दिसल्या की औषध. मघाशी मी आयाबायांची भाषा म्हणालो ती हीच. व्हिएन्ना आणि पॅरिसनं जी कधी गांभीर्यानं ऐकली नाही ती गडचिरोलीत निदानाची कसोटी झाली. ‘दूध पिना छोड दिया’ हे अम्मीचं वाक्य तिथं असतं तर त्यावर सुई निघाली असती.

आई-वडिलांची संमती घेऊन आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत आणि तोंडानं दुसरं औषध. १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले. औषध सुरू होण्याआधी सेप्सिसच्या १६३ बाळांत मृत्यूचं प्रमाण शेकडा १६.६ होतं, आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांत ते २.८वर आलं. गावांतला नवजात-मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. २०११मध्ये भारत सरकारनं घरोघरच्या नवजात-सेवेचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केला. इंजेक्शन मात्र त्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या हाती सरसकट दिलं गेलं नाही, आणि त्यावर वाद अजून आहे.

इथं एखादा शंकेखोर विचारील, त्या ७१ बाळांतली काही विषाणूंची असतील, त्यांना जेंटामायसिनचा काय उपयोग? बरोबर आहे. काही असणारच. पण ती कोणती हे तिथं कुणालाच कळायचा मार्ग नव्हता, आणि वाट पाहिली असती तर ज्यांना उपयोग झाला तीही गेली असती. प्रश्नचिन्ह पुसल्याशिवाय औषध नाही, हा नियम इस्पितळाला परवडतो. झोपडीला परवडत नाही.

किती बाळांत विषाणू असतो, याचा मोठ्या प्रमाणावर हिशेब दक्षिण आशियात झाला तो २०११ ते २०१४ या काळात. बांगलादेशातलं सिल्हेट, पाकिस्तानातलं कराची आणि मटियारी, आपल्याकडं वेल्लोर आणि ओडिशा. तीन देशांनी एकत्र बसून केलेलं एखादं काम आपल्या वाचनात क्वचितच येतं, म्हणून मुद्दाम नावं घेतली. ढाक्याचे डॉ. समीर साहा त्यात आघाडीवर होते. ६३,११४ बाळं दोन महिन्यांची होईपर्यंत पाहिली. त्यांत गंभीर संसर्गाचा संशय यावा असे ६,०२२ प्रसंग आले. रक्ताचं कल्चर केलं, शिवाय रक्त आणि नाका-घशातला स्राव घेऊन जंतूचा जनुकीय ठसा शोधणाऱ्या, करोनाच्या दिवसांत आपण सगळे जिला आरटीपीसीआर म्हणून ओळखू लागलो त्या जातीच्या, तपासण्या केल्या. २०१८मध्ये निष्कर्ष आले. शंभरातल्या १६ प्रसंगांत जीवाणू, १२ प्रसंगांत विषाणू. सगळ्यांत जास्त वेळा सापडला तो आरएसव्ही. आणि उरलेल्या ७२मध्ये? कारण सापडलंच नाही.

हा आकडा मी पुन्हा वाचला तेव्हा थोडा वेळ पुढं गेलोच नाही. एवढी यंत्रं, एवढी माणसं, आणि शंभरातल्या बहात्तर बाळांपुढं प्रश्नचिन्ह तसंच. पण त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती विसरून चालणार नाही: जी बाळं दगावली आणि ज्यांचं कारण कळलं, त्यांत शेकडा ९२ जीवाणूंची होती. म्हणजे विषाणू पुष्कळांना आजारी पाडतो, पण आपल्याकडं मारतो तो अजून मुख्यतः जीवाणूच. ‘व्हायरल असेल, होईल बरं’ असं तान्ह्याच्या बाबतीत कुणी म्हणू नये, ते याचसाठी.

मग सगळ्यांना अँटिबायोटिक देत राहायचं? त्याची किंमत काय, हे दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांतल्या बाळांवरून कळलं. तोही अभ्यास २०११ ते २०१४चाच, प्रसिद्ध झाला २०१६मध्ये. तिथं जन्मून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांत शेकडा १४.३ जणांना सेप्सिस धरला गेला. कल्चरमध्ये जीवाणू सापडले ते फक्त ६.२ टक्क्यांत. आणि जे सापडले त्यांतला जो सगळ्यांत जास्त होता, असिनेटोबॅक्टर, त्याचे शंभरातले ८२ नमुने अनेक औषधांना दाद न देणारे. विषाणूच्या दुखण्यावर, किंवा काहीच नसताना, जी औषधं दिली जातात ती बाळाच्या अंगातून, वॉर्डातल्या हवापाण्यातून जीवाणूंना शिकवत असतात. शेजारच्या पेटीतल्या बाळाला खरोखर जीवाणूचा सेप्सिस होतो तेव्हा औषध चालत नाही. सिल्हेट-वेल्लोरच्या गावांत मात्र रक्तात सापडलेले बहुतेक जीवाणू जुन्या, स्वस्त औषधांना अजून दाद देत होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीचं बाळ असंच पेटीत होतं. चौथ्या दिवशी कल्चर कोरं आलं. आम्ही हरखून गेलो, आता घरी न्यायचं म्हणून. तरुण डॉक्टरीण बाई होत्या. म्हणाल्या, ‘चाचा, रिपोर्ट कोरा आला म्हणजे बाळ कोरं आहे असं नसतं. त्याच्या अंगात रक्त केवढं, एक कपभर. त्यातलं मी घेतलं एक मिली. तेवढ्यात जंतू सापडलाच पाहिजे असं नाही.’ भाचीनं विचारलं, ‘मग औषध बंद की चालू?’ बाई जरा वेळ बाळाकडं बघत राहिल्या. ते दूध ओढायला लागलं होतं, रंग सुधारला होता. त्यांनी त्या दिवशी दोन इंजेक्शनं बंद केली आणि आणखी एक दिवस ठेवून घेतलं. मला त्या निर्णयाचं धाडस नंतर, हे सगळं वाचल्यावर समजलं. औषध सुरू करणं त्या मानानं सोपं असतं. पुराव्याशिवाय थांबवणं अवघड.

तासाभरात जीवाणू की विषाणू सांगणाऱ्या तपासण्या आता मोठ्या शहरांतल्या काही इस्पितळांत होतात. त्या महाग आहेत, आणि नाकात विषाणू सापडला म्हणजे रक्तात जीवाणू नाहीच, असंही त्यांवरून म्हणता येत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आजही भरवसा आहे तो नर्सच्या डोळ्यांवर आणि हात धुण्याच्या नळावर. आपल्या हातात काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की बाळ बघायला जायची घाई करू नका. पूर्वी सोयराचे दहा दिवस, आमच्याकडं चाळीस दिवसांचा चिल्ला असायचा. त्यामागं विटाळाच्या ज्या कल्पना होत्या त्यांचं समर्थन मला करायचं नाही, त्यांनी बाईला पुष्कळ छळलं आहे. पण नाक गळत असताना, ओठावर फोड असताना तान्ह्याचा मुका घेणारे पाहुणे त्या दिवसांत दारातच थांबत, एवढं खरं. आता बाळंतीण इस्पितळातून घरी येते त्याच संध्याकाळी वीस माणसं घरात, आणि बाळ हातोहात फिरतं, फोटोसाठी.

आमच्या भाचीनं दारावर कागद चिकटवला होता: ‘हात धुऊन या. सर्दी असेल तर नंतर या.’ मोहल्ल्यात बरीच चर्चा झाली. तिच्या सासूबाईंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच दारापाशी बादली, तांब्या आणि साबण आणून ठेवला.